फ्रेंचमधला ‘फ्लेश’ दिसला की लगेच ‘बाण’ लिहू नका : नवीन अनुवादकांसाठी पायरी-पायरीने

फ्रेंच शिकताना सुरुवातीलाच कधीतरी ‘फ्लेश’ हा शब्द येतो, आपण वहीत समोर ‘बाण’ लिहितो आणि विषय संपतो. मग पुढच्या लेव्हल्स पार करून, डेल्फ या फ्रेंच परीक्षेचं सर्टिफिकेट हातात घेऊन पहिलं टेक्निकल काम मिळतं, आणि त्यात लिहिलेलं असतं की क्रेनचा फ्लेश साठ मीटर आहे, बीमचा फ्लेश वीस मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, ट्रेलरच्या फ्लेशवर किती किलो वजन चालेल ते मागच्या पानावर बघा. इथे एकाही ठिकाणी बाण नाहीये. तरी अशा फाइलींमध्ये ‘क्रेनचा बाण’ असं छान टाइप केलेलं मी रिव्ह्यू करताना बघितलंय, आणि मशीन ट्रान्सलेशन वापरलं तर ते तर हमखास येतंच, विशेषतः वाक्य तुटक असेल तर.

मी पुण्यात बसून फ्रेंचमधून मराठी आणि इंग्रजीत टेक्निकल अनुवाद करते. खाली जे लिहिलंय ते बी-वन, बी-टू या मधल्या लेव्हल्स झालेल्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांना वाक्य वाचता येतं पण शब्द कुठल्या धंद्यातला आहे ते ओळखता येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की या शब्दाला एकट्याला विचारून काही कळत नाही, त्याच्या शेजाऱ्यांना विचारा. आर्टिकल कुठलं, पुढे ‘द’ (म्हणजे ‘चा-ची-चे’) लावून काय आलंय, मागे क्रियापद कोणतं, आकडा आहे का, आणि असला तर त्याचं युनिट काय. या पाच गोष्टी बघितल्या की बहुतेक वेळा डिक्शनरी उघडायच्या आधीच उत्तर मिळतं.

हाताशी काय काय ठेवायचं

- मूळ फाइल पीडीएफमध्ये, चित्रांसकट. नुसता वर्डमध्ये काढलेला मजकूर घेऊन काम सुरू करू नका, ड्रॉइंग मागून घ्या.
- ‘त्रेझोर द ला लांग फ्रांसेज’ ही मोठी फ्रेंच-फ्रेंच डिक्शनरी, नेटवर फुकट आहे. लारूसपण फुकट आहे आणि वाचायला सोपी.
- कॅनडा सरकारची ‘टर्मियम प्लस’ आणि क्वेबेकचा ‘ग्रां दिक्सियोनेर तेर्मिनोलोजिक’. टेक्निकल शब्दांसाठी या दोन्ही साध्या डिक्शनरीपेक्षा खूप बऱ्या, कारण तिथे प्रत्येक अर्थाला विषय लावलेला असतो.
- महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, ऑनलाइन शोधता येतात. सगळेच शब्द वापरण्यासारखे नसतात, पण स्थापत्य आणि भूगोलात बऱ्याचदा सुटका होते.
- एक साधी एक्सेल शीट : फ्रेंच शब्दसमूह, विषय, मराठी शब्द, कुठल्या पानावर आला.

१. आधी शब्द नक्की हाच आहे का ते बघा

हसू नका, इथेच लोक घसरतात. ‘फ्लेश’मधल्या ‘ई’वर आक्सां ग्राव्ह असतो, म्हणजे मागे झुकलेली रेघ. तीच रेघ पुढे झुकली आणि शेवटच्या ‘ई’वरही तशीच आली की तो ‘फ्लेशे’ होतो, म्हणजे बाणांनी खुणा केलेला. आणि ‘फ्लेशीर’ हे क्रियापद तर वेगळ्याच घराण्यातलं, लॅटिनमधल्या वाकवण्याच्या धातूवरून आलेलं, त्याचा अर्थ वाकणं, नमणं, कमी होणं. बाणाशी त्याचं काहीही नातं नाही.

आता ट्रॅप बघा. बाजाराच्या बातम्यांमध्ये ‘ले प्री मोंत आं फ्लेश’ म्हणजे किमती सुसाट वर चालल्यात, आणि त्याच पानावर ‘ले कूर फ्लेशीस’ म्हणजे भाव नरम पडतायत. एक वर, एक खाली, आणि घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. स्कॅन केलेल्या फाइलीत ॲक्सेंट उडालेले असतात तेव्हा तर दुप्पट काळजी घ्या.

ऑडिओवर काम करत असाल तर अजून एक. ‘फ्लेश’चा उच्चार इंग्रजीतल्या मांस या अर्थाच्या शब्दासारखाच ऐकू येतो, त्यामुळे ऑटो-सबटायटल जिथे इंग्रजी-फ्रेंच मिसळलंय तिथे वाट्टेल ते छापतं.

२. आर्टिकल आणि कॅपिटल बघा

बाण या अर्थी शब्द स्त्रीलिंगी, ‘ला फ्लेश’. पण ‘ला’ आणि ‘फ्लेश’ दोन्ही कॅपिटलने, म्हणजे कॅपिटल एल आणि कॅपिटल एफने, वाक्याच्या मध्येच आले तर ते गाव असू शकतं. ला फ्लेश हे फ्रान्सच्या सार्त जिल्ह्यातलं गाव, लुआर नदीच्या काठावर. इथे पण गंमत आहे, ही ती प्रसिद्ध लांबलचक लुआर नाही. ती स्त्रीलिंगी, ‘ला लुआर’, ही पुल्लिंगी, ‘ल लुआर’, छोटी नदी, आणि उच्चार जवळजवळ सारखा. गावातलं जेझुइट या कॅथलिक पंथाचं कॉलेज चौथ्या हेन्री राजाच्या काळातलं, तत्त्वज्ञ देकार्त तिथे शिकला, आता त्या इमारतीत सैनिकी शाळा आहे. तत्त्वज्ञानाच्या मजकुरात ‘आ ला फ्लेश’ आलं तर बाणापाशी नाही, ला फ्लेशमध्ये. गावच्या लोकांना फ्लेश्वा म्हणतात. आणि कोंबड्यांच्या मजकुरात आलं तर ती याच गावच्या नावाची काळी कोंबडीची जात, तुरा शिंगांसारखा दुभंगलेला.

उलटं म्हणजे पुल्लिंगी ‘ल फ्लेश’ दिसलं तर लगेच टायपो म्हणून दुरुस्त करू नका. जुन्या पद्धतीच्या शिडाच्या बोटींवर मोठ्या शिडाच्या वर जे छोटं शीड चढवतात त्याला पुल्लिंगी वापरतात. विषय समुद्राचा असेल तर तसंच राहू द्या.

३. आकडा आणि युनिट

माझी सगळ्यात आवडती पायरी, कारण इथे डोकं कमी लागतं.

मीटरमध्ये आणि मोठा आकडा, तीस, पन्नास, साठ, आणि सोबत टन : क्रेन. मीटरमध्ये पण अजून मोठा, नव्वद, दीडशे, आणि आसपास कॅथेड्रल, शिसं, ओकचं लाकूड : इमारतीचा टोकदार मनोरा. मिलिमीटर किंवा सेंटिमीटर, आणि जवळ ‘पोर्ते’ म्हणजे गाळा (दोन आधारांमधलं अंतर) किंवा ‘शार्ज’ म्हणजे भार : डिफ्लेक्शन, म्हणजे भाराने किती झुकलं ते. डिग्री : विमानाचा पंख. किलोमध्ये, दोन आकडी-तीन आकडी, आणि कॅरॅव्हॅन किंवा ट्रेलर : जोडणीचा दांडा. मिलिमीटर आणि माणसाचा पाठीचा कणा : फिजिओथेरपीचा रिपोर्ट, त्याचं पुढे सांगते. युनिटच नाही आणि क्रियापद धावणं, चढणं, सुटणं असं काही : वाक्प्रचार.

ही यादी प्रिंट काढून चिकटवून ठेवलीत तरी चालेल.

४. धनुष्याचं कुटुंब (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या)

इंजिनिअरिंगच्या मजकुरातले निम्मे फ्लेश या एका चित्रातून निघतात, त्यामुळे हे नीट समजून घ्या, पाठ करू नका.

वर्तुळाचा एक तुकडा काढा. वाकडी रेघ म्हणजे धनुष्य, तिची दोन टोकं जोडणारी सरळ रेघ म्हणजे धनुष्याची दोरी, आणि दोरीच्या मध्यापासून वाकड्या रेघेपर्यंतचं उभं अंतर म्हणजे दोरीवर चढवलेला बाण. फ्रेंच लोक या तिन्हींना हुबेहूब तेच म्हणतात : आर्क, कॉर्द, फ्लेश. आणि आपल्याला हे नवीन वाटायचं काही कारण नाही कारण आपल्याकडे पण हेच आहे, चाप, जीवा आणि शर. शाळेत वर्तुळाची ‘जीवा’ शिकलो ती धनुष्याची दोरीच. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत जीवा आणि व्यास दिले असता शर कसा काढायचा त्याचा नियम आहे. म्हणजे भूमितीच्या मजकुरात ‘फ्लेश’ला ‘शर’ हा तयार शब्द आहे, फक्त शाळेत जीवा राहिली आणि शर मागे पडला म्हणून सुचत नाही.

एकदा हे चित्र डोक्यात बसलं की पुढचे सगळे अर्थ ओळीने येतात, सरळ रेघेपासून वाकलेल्या गोष्टीचं मधलं अंतर, एवढंच.

बीमवर भार आला, तो मध्ये खाली झुकला, किती झुकला तो फ्लेश. आपले सिव्हिलवाले याला सरळ डिफ्लेक्शन म्हणतात आणि मराठी मजकुरातही तेच चालतं, ‘विक्षेप’ लिहिलात तर साइटवर कोणी वाचणार नाही. मर्यादा बहुतेक वेळा गाळ्याच्या भागात दिलेली असते, उदाहरणार्थ एल भागिले ३००, म्हणजे ६ मीटरच्या गाळ्याला २० मिलिमीटर. असा भागाकार दिसला की शंकाच नको.

दोन टॉवरमधली विजेची तार मध्ये किती लोंबते, तो पण फ्लेश. इंग्रजीत सॅग, मराठीत झोळ, आणि लाइनचं काम करणाऱ्यांना झोळ लगेच कळतो. उन्हाळ्यात तार तापून लांबते आणि फ्लेश वाढतो, असलं वाक्य हमखास असतं.

कमानीची उंची, म्हणजे दोन्ही पायांना जोडणाऱ्या रेघेपासून कमानीच्या माथ्यापर्यंत, ती पण फ्लेश. इथे इंग्रजीत राइज. लक्षात घ्या, बीममध्ये फ्लेश खाली जातो आणि कमानीत वर, शब्द तोच. पुलाच्या एकाच रिपोर्टमध्ये दोन्ही येऊ शकतात, म्हणून पूर्ण फाइलीत फाइंड-अँड-रिप्लेस करू नका, कधीच नाही.

रेल्वेच्या वळणावर रुळाला दोरी लावून मधलं अंतर मोजतात, तो फ्लेश. आपल्या रेल्वेत त्याला व्हर्साइन म्हणतात. मेट्रोची कामं करणाऱ्यांना हा शब्द लागेल.

भिंग किती फुगीर आहे ते मोजायलाही हाच.

आणि फिजिओथेरपी. माणसाला ओळंब्याच्या दोरीजवळ उभं करतात, दोरी पाठीला टेकते आणि मान आणि कंबर दोरीपासून किती आत आहे ते मिलिमीटरमध्ये मोजतात. ‘फ्लेश सेर्व्हिकाल’, ‘फ्लेश लोंबेर’. कोणाच्या तरी मेडिकल फाइलीत हे आलं तर मानेत बाण घुसलाय असं कृपया लिहू नका. ‘मानेच्या बाकाची खोली’ असं साधं लिहा.

आता या कुटुंबातला मोठा ट्रॅप, काँत्र-फ्लेश. बीम बनवतानाच त्याला मुद्दाम थोडा वरच्या बाजूने बाक देतात, म्हणजे भार आल्यावर तो सपाट होईल, तो काँत्र-फ्लेश, साइटवरच्या भाषेत कँबर. पण हाच शब्द क्रेनच्या मॅन्युअलमध्ये आला तर तो मागच्या बाजूचा आखूड हात, ज्याच्यावर काँक्रीटची वजनं टांगलेली असतात. एकाच बांधकामाच्या फाइलीत पान चारवर एक आणि पान चाळीसवर दुसरा, असं खरंच होतं. युनिट बघा : मिलिमीटर असेल तर कँबर, मीटर असेल तर क्रेन.

५. लांब आणि टोकदार असणाऱ्यांचं कुटुंब

इथे नुसता आकार बघायचा, काहीतरी सडसडीत, एका टोकाने बाहेर आलेलं.

*मनोरा.* १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी पॅरिसच्या नोत्र-दामला आग लागली आणि फ्रेंच बातम्यांमध्ये ‘ला फ्लेश कोसळला’ हेच वाक्य फिरत होतं. अनुवाद करताना इथे लोक ‘टॉवर’ लिहितात आणि ते चूक आहे, कारण टॉवरला वेगळा शब्द आहे, ‘तूर’, आणि नोत्र-दामचे समोरचे दोन्ही तूर वाचले. पडला तो छपराच्या मध्यावरचा, शिसं मढवलेला लाकडी, ९६ मीटर उंचीचा टोकदार मनोरा. तो पण मध्ययुगातला नव्हता. मूळचा अठराव्या शतकाच्या शेवटी उतरवला गेला होता आणि जळला तो व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाने १८५९ मध्ये उभा केलेला. आता पुन्हा तसाच बांधलाय आणि चर्च डिसेंबर २०२४ मध्ये उघडलं. जिथे हाच शब्द स्त्रासबूर्गच्या कॅथेड्रलबद्दल येईल तिथे तो दगडी आहे, १४२ मीटरचा, आणि रुआंचा लोखंडी, १५१ मीटर, फ्रान्समधला सगळ्यात उंच. मराठीत मी ‘टोकदार मनोरा’ लिहिते, एकदा ओळख करून दिली की पुढे नुसता ‘मनोरा’. ‘कळस’ लिहिण्याचा मोह होतो, पण कळस म्हणजे शिखराच्या टोकावरची वस्तू, अख्खा निमुळता भाग नाही. तिथे फ्रेंचांचा कोंबडा बसलेला असतो.

*क्रेन.* पुढचा लांब हात. मोबाइल क्रेन असेल तर आपल्याकडे ऑपरेटर बूम म्हणतात, टॉवर क्रेन असेल तर जिब. ‘आं बू द फ्लेश’ म्हणजे हाताच्या अगदी टोकाला, आणि तिथे उचलता येणारं वजन सगळ्यात कमी असतं. हे सेफ्टीचं वाक्य आहे, इथे गोंधळ झाला तर माणूस मरू शकतो, त्यामुळे चार्टशी ताडून बघा.

*ट्रेलर.* गाडीला जोडायचा पुढचा दांडा. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीला ट्रॅक्टरशी जोडणारा असतो तसाच. मॅन्युअलमध्ये त्याच्यावर येणाऱ्या वजनाची मर्यादा किलोत दिलेली असते. जुन्या तोफांच्या मागे जमिनीला टेकणारा दांडा पण फ्लेशच, आणि तो दुभंगलेला असला तर ‘बिफ्लेश’.

*समुद्रकिनारा.* ‘फ्लेश लितोराल’ म्हणजे लाटांनी आणि प्रवाहाने वाळू साचून किनाऱ्यापासून पाण्यात लांब गेलेली जीभ. भूगोलाच्या मराठी पुस्तकात याला ‘वाळूचा दांडा’ असा मस्त शब्द आहे, तोच वापरा. सेनेगलमधल्या सेंट-लुई शहरासमोरचा लांग द बार्बारी हा असाच दांडा, २००३ मध्ये पुराचं पाणी काढायला त्यात चार-एक मीटरचा चर खणला आणि समुद्राने तो इतका रुंद केला की नदीचं मुखच हललं. हवामानबदलाच्या रिपोर्टमध्ये हे उदाहरण वारंवार येतं म्हणून सांगून ठेवलं.

*झाडं.* पाइन-फर जातीच्या झाडाचा सगळ्यात वरचा कोंब, म्हणजे आपला शेंडा. बागकामाच्या लेखात ‘फ्लेश कापू नका’ असं असतं, ‘शेंडा छाटू नका’ लिहायचं, संपलं. आणि ऊस! मॉरिशस, रियुनियन, ग्वादलूप इकडच्या शेतीच्या मजकुरात उसाचा फ्लेश येतो. सांगली-कोल्हापूरच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागणार नाही : उसाला तुरा आलाय. तुरा आला की वाढ थांबते, मग तोडणी किती लांबवायची ही चिंता, हे तिकडेही तसंच. मॉरिशसमध्ये तर मराठी मंडळी उसाच्या मळ्यांपायीच गेली, तेव्हा हा अर्थ आपल्या लोकांच्या कानावर फार आधी पडला असणार.

*विमान.* ‘आंग्ल द फ्लेश’, पंख मागे किती झुकलेत तो कोन, इंग्रजीत स्वीप. एअरबस ए-३२० चा २५ अंश. ‘फ्लेश व्हारियाब्ल’ असेल तर उडताना पंख मागेपुढे करता येणारं विमान. हे मराठीत ‘मागे झुकलेले पंख’ असंच लिहा, बरं वाटतं.

*किल्लेबंदी.* बाणाच्या टोकासारखी, मागून उघडी मातीची तटबंदी. १८१२ च्या बोरोदिनोच्या लढाईत रशियन सेनापती बाग्रातियोनचे फ्लेश प्रसिद्ध आहेत. लष्करी इतिहासात ‘फ्लेश जिंकले’ आलं तर हे.

बॅकगॅमनच्या पटावरचे २४ त्रिकोण पण फ्लेश. हे कोणाला लागेल माहीत नाही, असू दे.

६. वेगाचं कुटुंब, मुख्यतः खेळ

तलवारबाजीत फ्लेश म्हणजे पुढे झेपावून, मागचा पाय पुढच्याच्या पुढे टाकत केलेला हल्ला. इंग्रजीत पण हाच शब्द चालतो, तेव्हा मराठीतही ‘फ्लेश’ ठेवा आणि पहिल्यांदा आला की समजावून सांगा. तलवारीच्या तीन प्रकारांपैकी फॉइल आणि एपीत चालतो, सेबरमध्ये पाय असा ओलांडायला बंदी आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळलेली आपली भवानी देवी सेबरवाली, त्यामुळे तिच्या मॅचच्या वर्णनात फ्लेश मारला असं कोणी लिहिलेलं दिसलं तर मूळ वाक्य परत वाचा.

सायकलिंगमध्ये दोन वेगळे. ‘फ्लेश वालोन’ ही बेल्जियममधली एका दिवसाची प्रोफेशनल रेस, १९३६ पासूनची, शेवटी म्युर द ह्वीचा भयानक चढ. आणि दुसरा आपल्या पुण्या-मुंबईच्या बीआरएमवाल्यांना, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांना, माहीत असलेला : ३ ते ५ सायकलींची टीम, २४ तास, किमान ३६० किलोमीटर, मध्ये कुठेही दोन तासांहून जास्त थांबायचं नाही आणि शेवटच्या दोन तासांत निदान २५ किलोमीटर तरी मारायचे. त्याचं मूळ फ्रान्समधला ईस्टरचा ‘फ्लेश व्हेलोसिओ’. व्हेलोसिओ हे पॉल द व्हिवी या माणसाचं टोपणनाव. रेस आणि राइड यांची सरमिसळ करू नका, राइडमध्ये पहिला-दुसरा नंबर नसतो.

स्कीइंगच्या शाळेच्या पत्रकात ‘फ्लेश’ म्हणजे जायंट स्लॅलमची (खांबांमधून वळत उतरण्याची) टेस्ट आणि तिचं मेडल. आणि ‘फ्लेश दोर’, सोनेरी बाण, ही पॅरिस ते कालेची १९२६ ची ऐटबाज ट्रेन. पॅरिसमध्ये एका जुन्या स्टेशनात त्याच नावाचं गाण्या-बजावण्याचं ठिकाणही होतं, तेव्हा संदर्भ बघून ठरवा.

७. वाक्प्रचार : शब्द सोडा, हेतू धरा

‘मोंते आं फ्लेश’ : झपाट्याने वाढणं. किमती असतील तर ‘भडकल्या’, मागणी असेल तर ‘एकदम वाढली’. ‘गगनाला भिडल्या’ पण चालतं, पण मूळ शब्दात जोर वेगावर आहे, उंचीवर नाही, तो फरक ठेवता आला तर ठेवा.

‘फेर फ्लेश द तू ब्वा’ : मिळेल त्या लाकडाचा बाण करणं, म्हणजे हाताला लागेल ते वापरून काम साधणं. संदर्भ कौतुकाचा पण असू शकतो आणि टीकेचा पण. राजकारण्याबद्दल असेल तर बहुधा टीका.

‘फ्लेश द्यु पार्त’ : जुन्या पार्थियन घोडेस्वारांची पळता पळता मागे वळून बाण मारायची रीत. मराठीत ‘जाता जाता टोमणा’, उगाच पार्थियन आणू नका.

‘स ने पा ज्युन फ्लेश’ : हा काही बाण नाही, म्हणजे डोकं बेताचंच आहे. ऑफिसच्या ईमेलमध्ये आलं तर क्लायंटला आधी विचारा, हे खरंच अनुवाद करून हवंय का!

‘एत्र आं फ्लेश’ : आघाडीवर असणं, कधीकधी इतरांपेक्षा जरा जास्तच पुढे. पण घोडे ‘आं फ्लेश’ जुंपलेले असतील तर ते एकामागे एक, वेगाचा संबंध नाही.

८. पोरंबाळं : ‘फ्लेश’पासून निघालेले शब्द

‘फ्लेशाज’ म्हणजे रस्त्यावर किंवा इमारतीत बाणांच्या पाट्या लावणं, पण सरकारी बजेटमध्ये ‘क्रेदी फ्लेशे’ म्हणजे ठरावीक कामासाठीच राखून ठेवलेला निधी. हा अनुवादाच्या परीक्षांमध्ये आवडता प्रश्न आहे. ‘मो फ्लेशे’ हा शब्दकोड्याचा प्रकार, जिथे सूचना चौकटीतच असतात आणि बाण दिशा दाखवतो. ‘फोंक्सियों फ्लेशे’ आयटीवाल्यांना कळेल, जावास्क्रिप्टमधलं ॲरो फंक्शन. ‘फ्लेशेत’ म्हणजे डार्ट्स. आणि क्वेबेकचा ‘सेंत्युर फ्लेशे’ हा लोकरीचा रंगीत हाताने विणलेला कमरपट्टा, विणीत बाणाच्या टोकांसारखी नक्षी असते म्हणून. ‘बाणवाला पट्टा’ म्हणून शिकाऱ्याचा भाता समजू नका.

गाडी चालवणाऱ्यांसाठी : फ्रान्समध्ये रस्त्यावर रंगवलेले ‘फ्लेश द राबात्माँ’ म्हणजे ओव्हरटेकची जागा संपत आली, आपल्या लेनमध्ये परत या.

९. अनाथ अर्थ

‘फ्लेश द लार’ : डुकराच्या कुशीतून काढलेली चरबीची लांब पट्टी. हा शब्द दिसायला तोच पण मुळात दुसरीकडून आलेला, इंग्रजीतल्या ‘फ्लिच’चा भाऊ. बाणाचं चित्र इथे लावायचा प्रयत्नच करू नका, जुन्या पाककृतींशिवाय फारसा भेटतही नाही.

१०. फाइल पाठवायच्या आधी

पूर्ण मजकुरात ‘फ्लेश’ शोधा, प्रत्येक जागा शीटमध्ये विषयासकट लिहा. एकाच विषयात दोन वेगळे मराठी शब्द वापरले गेलेत का ते बघा, आणि उलट, एकच मराठी शब्द दोन वेगळ्या विषयांत गेलाय का तेही. काँत्र-फ्लेश वेगळा शोधा, कधी मध्ये डॅश असतो कधी नसतो, त्यामुळे दोन्ही प्रकारे.

तरी अडलं तर क्लायंटला विचारा, पण ‘याचा अर्थ काय’ असं विचारू नका, त्याने आपलीच किंमत कमी होते आणि उत्तरही धड येत नाही. असं विचारा : ‘पान बारावर ३५ मिलिमीटर दिलंय ते भार आल्यानंतरचं डिफ्लेक्शन आहे की बनवतानाचा कँबर?’ समोरचा इंजिनिअर दोन ओळींत उत्तर देतो, आणि बऱ्याचदा सोबत ड्रॉइंगचं नवीन व्हर्जनही पाठवतो, जे आधीच पाठवायला हवं होतं.